मनाई करण्यात आली

३ मार्च, सोमवार

आजपासून मला सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवण्यात आलं आहे. इनचार्ज बाई म्हणाल्या, "चौकशी संपेपर्यंत तुम्ही प्रवाशांना हात लावायचा नाही. मनाला लावून घेऊ नका, सगळं कागदोपत्री आहे." मी बरं म्हटलं. लावून घेण्यासारखं मला काही वाटलंही नाही. चौदा वर्षं उभ्याने तपासणी केली, आता बसायला खुर्ची मिळाली.

खोली सामानाच्या पट्ट्याच्या मागे आहे. खिडकी नाही. लोखंडी मांडण्या आणि त्यांवर प्लास्टिकच्या टोपल्या. लोक ट्रेमध्ये जे विसरून जातात ते सगळं इथे येतं. चष्मे, घड्याळं, पट्टे, चाव्या, एक कवळी. बूट तर पाच आहेत, पाचही डाव्या पायाचे. एका पायात बूट नसताना माणूस विमानात चढतो कसा, हे मला चौदा वर्षांत कळलेलं नाही. प्रत्येक वस्तूची रजिस्टरमध्ये नोंद करायची. "तपकिरी काडीचा चष्मा आढळून आला. नोंद घेण्यात आली." संध्याकाळपर्यंत बावीस नोंदी झाल्या.

उरलेल्या वेळात ही वही. मुलीची आहे, अर्धी कोरी होती. तिला आम्ही भोंगा म्हणतो, कारण जन्मल्यावर तिने पहिला सूर लावला तो अजून खाली आलेला नाही. सतरा वर्षांची झाली, तरी घरात अजून भोंगा आला, भोंगा गेला असंच चालतं. वही मागितली तर म्हणाली, "आई, तू आणि डायरी? त्यात काय लिहिणार, किती वाजता किती जण गेले?" मी म्हटलं, बघू.

४ मार्च, मंगळवार

घडलं ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे चौकशीत गोंधळ नको.

११ फेब्रुवारी, सकाळची शिफ्ट. साठी ओलांडलेल्या एक बाई, एकट्याच होत्या. स्कॅनरच्या पडद्यावर माणसाच्या आकाराची बाहुली दिसते, तिच्या उजव्या छातीवर पिवळा चौकोन आला. बाईंनी आधीच सांगितलं होतं, "माझं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, त्या बाजूला कृत्रिम स्तन आहे." पण चौकोन आला की बघावंच लागतं. बाईंना खाजगी कक्षात नेण्यात आलं. आत आमच्यातल्या दोघी लागतात, पण दुसरी चहाला गेली होती. वस्तू बाहेर काढून घेण्यात आली. कक्षातलं छोटं मशीन बंद होतं, म्हणून वस्तू ट्रेमध्ये ठेवून बाहेरच्या पट्ट्यावर नेण्यात आली. मशीनमधून तपासण्यात आली. आक्षेपार्ह काही आढळलं नाही. परत करण्यात आली. बाईंना विमान मिळालं.

रिपोर्टमध्ये मी "प्रवाशाने सहकार्य केले" यावर खूण केली. ते खरंच आहे. बाई एक शब्द बोलल्या नाहीत.

आता त्यांच्या तक्रारीत म्हटलंय, की ट्रे उघडा नेला, रांगेतल्या लोकांनी पाहिला, एका मुलाने बोट दाखवून "ते काय आहे" असं विचारलं. विचारलं असेल. पट्ट्यापाशी मुलं सगळ्याकडेच बोट दाखवतात.

७ मार्च, शुक्रवार

चौकशी झाली. टेबलापलीकडे तिघं, अलीकडे मी. अध्यक्ष म्हणाले, "असा कृत्रिम भाग काढायला लावायचाच नसतो. वरून हाताने तपासलं की पुरे. प्रशिक्षणात सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, सांगितलं असेल, पण जानेवारीत इनचार्ज बाईंनी बोर्डावर चिठ्ठी लावली होती. शंका असल्यास वस्तू काढून मशीनमधून घालावी, असं तिच्यावर लिहिलं होतं.

इनचार्ज बाई म्हणाल्या, "कसली चिठ्ठी?"

मधल्या सुटीत बोर्ड बघून आले. चिठ्ठी नव्हती. चार टाचण्यांची चार भोकं होती. इनचार्ज बाईंवर तीन शिफ्टचा भार आहे, विसरल्या असतील. मीही उगाच ताणून धरलं नाही.

१९ मार्च, बुधवार

आज भोंग्याचा परीक्षेचा निकाल लागला. चांगले गुण मिळाले. दारातूनच "आईऽऽ" करत आला आणि गळ्यात पडला. मीही जवळ घेतलं. तर एकदम बाजूला होऊन म्हणतो, "आई, तू मला तपासतेयस!"

मला कळलंच नाही. हे हसत होते. हे म्हणजे आमच्या घरचे, लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणाले, "अगं, तू आधी तिचे खांदे चाचपलेस, मग काखा, मग कंबर, आणि शेवटी पाठीवर थोपटलंस. पुढे जा, असं म्हणायचं तेवढं राहिलं."

भोंगाही हसला. मग जेवताना मला विचारलं, "तुला आनंद झालाय ना नक्की?" झालाय म्हटलं. झालाच असणार.

९ एप्रिल, बुधवार

कोर्टाचं समन्स आलं. बाईंनी खात्यावर आणि माझ्यावर दावा लावलाय. सही केली, पाकीट फ्रीजवर ठेवलं, भाजी निवडली.

दुपारी खात्याच्या वकिलांनी बोलावलं. हे वकील प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याआधी घसा साफ करतात, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना घसासाहेब म्हणतात. ऑफिस सातव्या मजल्यावर, टेबलावर काच, काचेखाली त्यांच्या मुलांचे फोटो. त्यांनी मला अगदी समजावून सांगितलं. अधिकाऱ्याने मुद्दाम कोणाचा छळ केला, तर खात्यावर दावा लावता येतो. साध्या कर्मचाऱ्याने केला, तर खात्यावर लावता येत नाही.

"आणि कर्मचाऱ्यावर?" मी विचारलं.

"त्याच्यावरही नाही. तो ड्यूटीवर असतो. सांगितलेलं काम करत असतो."

"मग कोणावर लावायचा?"

त्यांनी घसा साफ केला. "तो आपला प्रश्न नाही. आपला प्रश्न एवढाच, की तुम्ही अधिकारी आहात की नाही. तुम्ही सांगायचं, नाही. तेवढं झालं की पुढचं काही निघतच नाही. ट्रे नाही, कक्ष नाही, काही नाही. तुम्ही परत ड्यूटीवर."

"आणि आहे म्हटलं तर?"

"तर खात्याला उत्तर द्यावं लागेल," म्हणाले, "आणि मग खातं तुम्हाला विचारेल." चहा मागवला. चांगला होता.

२२ एप्रिल, मंगळवार

माझ्या बिल्ल्यावर "तपासणी अधिकारी" असं लिहिलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी आमची पगारवाढ नाकारली, तेव्हा नवे बिल्ले दिले. त्याआधी नुसतं "तपासनीस" होतं. बिल्ला लावून घरी आले त्या दिवशी ह्यांनी मला चक्क सलाम ठोकला होता, "या अधिकारीबाई, भांडी पडलीत तेवढी घासून घ्या." वर्षभर तोच विनोद चालला.

आज ह्यांना घसासाहेबांचं सगळं सांगितलं. ह्यांनी पाण्याचा ग्लास भरून घेतला. मग म्हणाले, "लिफ्ट अडकली की माणसं बटणाला शिव्या घालतात. तू बटण आहेस. बटणाने कोर्टात काय सांगायचं?"

"हेच, की मी बटण आहे."

"हं," म्हणाले. भोंगा प्रवेश परीक्षेचं वाचत होता, त्यानेही मान वर केली. मग हे पाण्याचा ग्लास हातात फिरवत म्हणाले, "पण मी सर्व्हिसिंग केलं की लिफ्टच्या वरच्या खोलीत कार्ड असतं, त्यावर सही करतो. पडली लिफ्ट, तर आधी ते कार्ड काढतात. माझं नाव असतं तिथं."

मी म्हटलं, तुमचं काम निराळं. आणि विषय बदलला.

१७ जून, मंगळवार

कोर्टाची पहिली तारीख. खोली लहान, दोन पंखे, त्यांतला एक चालू. बाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. ऑपरेशनची बाजू लक्षात येईल असं काही दिसत नव्हतं. निवृत्त शिक्षिका आहेत हे आज कळलं. चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवली.

आधी त्यांची साक्ष झाली. घसासाहेबांनी विचारलं, "तुम्हाला कोणी धरलं? ओढलं? दरवाजाला कडी घातली?" बाई प्रत्येक वेळी नाही म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही स्वखुशीने तपासणी करून घेतली."

"त्यांनी काढा म्हटलं, मी काढलं. हात वर करा म्हटलं, मी केले. मग त्या ट्रे घेऊन बाहेर गेल्या. मी हात वर करून उभी होते."

न्यायाधीशांनी मान वर केली. "त्या बाहेर गेल्यावरही?"

"हो. सात मिनिटं. भिंतीवर घड्याळ होतं. उजवा हात माझा ऑपरेशनपासून इतका वेळ वर राहत नाही, म्हणून तो डाव्या हाताने धरून ठेवला होता."

"पण तिथे तर कोणीच नव्हतं. खाली का नाही केले?"

बाईंना प्रश्नाचंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. म्हणाल्या, "त्यांनी खाली करा म्हटलं नव्हतं. अधिकारी होत्या ना त्या."

खरं आहे. मी ट्रे घेऊन परत आले तेव्हा बाई तशाच उभ्या होत्या. तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, सहकार्य करतायत.

चौदा वर्षांत मला थट्टेशिवाय अधिकारी म्हणणारं हे पहिलंच माणूस. तेही दावा लावलेलं. घरी सांगितलं तर हे हसले नाहीत.

२६ जून, गुरुवार

आज सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत एक आजोबा आले. आदल्या दिवशी ट्रेमध्ये चष्मा राहिला होता. टोपलीत त्यांनीच बोट दाखवलं, "हा माझा. काडीला दोरा बांधलाय बघा." दोरा होता. मी फॉर्म पुढे केला.

आजोबा म्हणाले, "बाई, चष्म्याशिवाय मला फॉर्म वाचता येत नाही."

मी म्हटलं, "फॉर्म भरल्याशिवाय चष्मा देता येत नाही."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग ते बाहेर गेले, पट्ट्यावरच्या एका हमालाला घेऊन आले, त्याने वाचून दाखवलं, त्यांनी सही केली. चष्मा देण्यात आला. जाताना म्हणाले, "तुम्हाला नाही म्हणायला फारसा विचार करावा लागत नाही, नाही का?" रागावले नव्हते. सहज बोलले.

त्यांची नोंद करता करता ते आठवलं.

४ मार्चला मी लिहिलंय, बाई एक शब्द बोलल्या नाहीत. ते चूक आहे. मी ती वस्तू ट्रेमध्ये ठेवली, ट्रे उचलला, तेव्हा बाई म्हणाल्या, "वर माझा रुमाल टाकू का?" पांढरा होता, घडी केलेला, त्यांनी पुढेही केला होता. मी म्हटलं, "झाकलेलं चालत नाही."

आणि हात वर करा म्हणून दार उघडून बाहेर गेले. चौदा पावलं आहेत पट्ट्यापर्यंत. कक्षाचं काम नवीन होतं तेव्हा मोजली होती.

हे मी चौकशीत सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही, डोक्यातच नव्हतं. बाईंच्या दाव्यातही ते नाही. घसासाहेबांना फोन करून विचारलं, तर म्हणाले, "त्यांच्या वकिलाने गाळलं असणार. खोलीत कॅमेरा नाही, दुसरी बाई नाही, पुरावा काय? तुम्ही कशाला उकरून काढताय?"

बरोबर आहे. पुरावा फक्त मी आहे.

८ जुलै, मंगळवार

आज माझी साक्ष.

घसासाहेबांनी विचारलं, तुम्ही कोणाला अटक करू शकता? नाही. तुमच्याकडे शस्त्र असतं? नाही. कोणी निघून जातो म्हटलं तर अडवता? नाही, पोलिसांना बोलावतो. मग तुम्ही अधिकारी आहात का?

"नाही. मी फक्त तपासते."

अगदी सोपं गेलं. घसासाहेबांनी डोळ्यांनीच शाबास म्हटलं.

मग बाईंची वकील उठली. तरुण मुलगी, आवाज मऊ. म्हणाली, "एखाद्या प्रवाशाने हात वर केले नाहीत तर काय होतं?"

"त्याला आत जाता येत नाही."

"मग तो काय करतो?"

"मग करतो वर."

"आजवर किती जणांनी तुमच्यासमोर हात वर करायला नकार दिला?"

मी खरोखर आठवून बघितलं. न्यायाधीश थांबले होते. "एकानेही नाही," म्हटलं. "सगळे करतात."

ती म्हणाली, एवढंच. मला वाटलं, आता रुमालाचं विचारेल. उत्तर मनात तयारही होतं, काय ते मला ठाऊक नव्हतं, पण विचारलं असतं तर तोंडातून आलं असतं. नाही विचारलं. न्यायाधीश म्हणाले, कक्षात काय घडलं त्यात आपण आत्ता जात नाही. आधी हा मुद्दा.

उतरताना बाईंच्या बाकावरून जावं लागलं. त्यांनी मला वाट द्यायला पाय आत घेतले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

न्यायाधीश रजेवर होते. पुढची तारीख. बाई एकट्याच आल्या होत्या, एकट्याच गेल्या. हल्ली दुपारी खोलीत बसले की मी उगाच उजवा हात वर धरून बघते. सात मिनिटं काही जमलं नाही. तिसऱ्या मिनिटाला खांदा भरून येतो, आणि माझा खांदा तर धडधाकट आहे. काल पट्ट्यावरचा हमाल दारात येऊन विचारत होता, ताई, काही हवंय का.

१६ सप्टेंबर, मंगळवार

निकाल लागला. चार मिनिटं लागली. मी अधिकारी नाही. म्हणून खात्यावर दावा चालत नाही. मी ड्यूटीवर होते. म्हणून माझ्यावरही चालत नाही. "सबब दावा फेटाळण्यात येत आहे." घसासाहेबांनी बाहेर येऊन माझ्या हातात पाकीट दिलं. आत पत्र होतं, उद्या सकाळी सहाला मूळ जागी हजर व्हा. म्हणजे घसासाहेबांनी ते आधीच तयार करून आणलं होतं. "आता विसरून जायचं," म्हणाले आणि पुढच्या केसला गेले.

मी ह्यांना फोन लावायला पुढच्या दालनात गेले. तिथे बाकावर बाई बसल्या होत्या. वकील मुलगी कागद काढायला गेली असावी. मी मागे वळणार होते.

"बसा," त्या म्हणाल्या.

मी बसले.

"एकच विचारायचंय. आत कोणी विचारलंच नाही." त्या समोर बघत बोलत होत्या. "मी रुमाल टाकला असता, तर काय झालं असतं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मशीनला दिसलं नसतं?"

"दिसलं असतं. मशीनला बॅगेतलं दिसतं, रुमालातून दिसायला काय."

त्या माझ्याकडे वळल्या. "मग नको का म्हणालात?"

मी सांगितलं, बोर्डावर तसा नियम आहे, लोक लॅपटॉपवर कोट टाकतात, त्यासाठी केलेला. बाई ऐकत होत्या. मला माझाच आवाज ऐकू येत होता. मग मी म्हटलं, "विचारच केला नाही. तोंडातून आलं."

त्यांनी पर्समधून एक कागद आणि पेन काढलं. "हे लिहून द्याल? आम्ही अपील करणार आहोत. पण त्यासाठीच असं नाही. मला कागदावर हवंय."

माझ्या मांडीवर खात्याचं पत्र होतं. ते दिसत होतं मला. सहाला हजर व्हा. भोंग्याच्या कॉलेजचं पहिलंच वर्ष आहे, आणि नुसत्या लिफ्टवर आमचं भागत नाही, हेही दिसत होतं. नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि शब्द आला नाही, पहिल्यांदाच. मी पेन घेतलं. लिहिलं:

"दिनांक ११ फेब्रुवारी रोजी तपासणीदरम्यान वस्तूवर रुमाल टाकण्यास प्रवाशास मनाई करण्यात आली."

बाईंनी चष्मा लावला आणि वाचलं. "अक्षर छान आहे," म्हणाल्या. "कोणी केली?"

"काय?"

"मनाई. यात कोणीच नाही. मनाई आपोआप झालेली दिसतेय."

"रिपोर्ट असाच लिहितात."

"मी रिपोर्ट मागितला नाही." त्यांनी कागद परत दिला. चिडून नाही. वर्गात वही परत देतात तसा.

मी ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "कर्मचाऱ्याने प्रवाशास मनाई केली." त्यांनी तेही वाचलं.

"कर्मचारी कोण? प्रवासी कोण? आपण दोघीच होतो तिथं."

दालनातून माणसं जात-येत होती. कोणी फायली घेऊन, कोणी डबा घेऊन. मी तो कागद मांडीवर घेऊन किती वेळ बसले सांगता येणार नाही. एवढंसं वाक्य. भोंगा दुसरीत असताना लिहीत असे तसलं. चौदा वर्षांचे रिपोर्ट मनात आणून बघितले, एकातही मी कुठे नव्हते. सगळं करण्यात आलं होतं, नेण्यात आलं होतं, तपासण्यात आलं होतं.

तिसऱ्यांदा लिहिलं:

"बाईंनी मला विचारलं, वर रुमाल टाकू का. मी नको म्हटलं. टाकला असता तरी चाललं असतं. मी ट्रे उघडा घेऊन लोकांमधून गेले. त्यांना हात खाली करा असं मी सांगितलं नाही. त्या सात मिनिटं तशाच उभ्या होत्या, आणि मी आले तेव्हा मला ते बरं वाटलं."

शेवटच्या दोन ओळी त्यांनी विचारल्या नव्हत्या. खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली.

बाईंनी सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीपाशी थांबल्या, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"आता बरोबर आहे," म्हणाल्या.

तेव्हा मला लाज वाटली. फेब्रुवारीपासून वाटली नव्हती ती सगळी एकदम वाटली, इतकी, की मला त्यांच्या शेजारून उठताही येईना. त्याही उठल्या नाहीत.